मुडशिंगीच्या नाक्यावरची खोली

सोमवार, ता. २३ ऑगस्ट १९०९

आज ओव्हरसियर पोतनीस आले. घोड्यावरून उतरले नाहीत. कुंपणावरूनच म्हणाले, “मार्थाबाई, दिवाळीनंतर तुमच्या दारावरून रस्ता जाणार नाही बरं का.” दूधवाला बदलायचा असला तरी माणूस याहून गंभीरपणे सांगतो.

कोल्हापूर ते हुपरी हा रस्ता तो केवढा! सकाळी बैल जुंपले तर दुपारच्या भाकरीला माणूस हुपरीत. आधी उचगाव, मग मुडशिंगी, मग आमचा हा जुना जकात नाका, मग कोडोली, की आलीच हुपरी. मुडशिंगी सोडली की वाट डावीकडे वळते, आमच्या विहिरीला वळसा घालते आणि पुन्हा सरळ होते. हा वळसा कुणी आखलेला नाही. पाणी इथं आहे आणि पायाखाली कोरडा मुरूम इथं आहे, म्हणून गाड्यांनीच तो पाडला. नाका नंतर आला, नाक्याचे कारकून म्हणून हे आले, आणि यांच्यामागून मी.

आता इंजिनिअरसाहेबांना वळसा खुपला. नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी माळावरून सरळ रेघ ओढली. त्या रेघेवर खडी पसरूनही झाली आहे. जुनी वाट नांगरून लगतच्या शेतांत घालायची.

“आणि माझी खोली?” मी विचारलं.

“खोली कुठं जातेय? खोली तुमचीच आहे.” असं म्हणून गेले.

खोली जाणार नाही हे मलाही कळतं. खोलीपुढून बायका जाणार नाहीत, त्याचं काय?

शुक्रवार, ता. २७ ऑगस्ट

चार दिवस चिडचिड करण्यात गेले. आज शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

हे गेल्यावर नाका उचगावाकडे हलला आणि ही कौलारू चौकी दरबारनं मला राहायला दिली. चौकीला लागून जप्तीची खोली आहे. जकात चुकवून नेलेला माल तिथं ठेवत. ती रिकामी झाली तेव्हा तिच्या मागल्या अंगाला मी पुरुषभर उंचीच्या भिंती घालून घेतल्या, पाण्याचा रांजण ठेवला, खोलीत एक बाज आणि चटया टाकल्या. ती कशासाठी आहे हे या वहीत लिहितानाही माझा हात अडतो. पुण्याच्या कॅम्पात, कॉन्व्हेंटात, सिस्टर ऍग्नेस आम्हांला सांगत की काही गोष्टी देवाला न बोलताच कळतात. देवाला कळत असतील. ओव्हरसियरला कळत नाहीत.

लिहूनच टाकते. गाडीतून जाणाऱ्या बाईला मोकळं व्हायला आडोसा नसतो. पुरुष बांधाआड जातो, झाडामागं जातो, काहीच नसलं तर पाठ फिरवतो. बाई कोल्हापूर सोडल्यापासून पाय आवळून बसते ती मुक्कामाला पोचेपर्यंत. लेकी बाळंतपणाला माहेरी जातात त्या याच रस्त्यानं. त्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. सुरुवातीला ‘जप्तीची खोली’ म्हणून कुणी आत पाऊल टाकेना. आत गेलं की सरकार दागिने काढून घेतं, असं एकीनं उठवून दिलं होतं. आता येणारी प्रत्येक गाडी विहिरीशी थांबते. गाडीवान बैलांना पाणी दाखवतो आणि बायका काही न बोलता उतरून आत जातात.

मी स्वतः नवी नवरी म्हणून याच वाटेनं आले. अठरा वर्षांची होते. मिरजेहून गाडी निघालेली, सासू पुढं बसलेली, आणि मी रडकुंडीला आलेली. बोलायची सोय नव्हती. यांनी माझ्या तोंडाकडं एकदाच पाहिलं आणि गाडी थांबवली. चाकाला आणि बाभळीला बांधून अंथरुणाची चादर ताणली, माझ्याकडं पाठ करून उभे राहिले, आणि मला संकोच वाटू नये म्हणून मोठमोठ्यानं औटकी म्हणू लागले. माळावर साडेतीनाचा पाढा! सासू म्हणाली, “याला ऊन लागलं वाटतं.” त्या दिवशी मला कळलं की या माणसाबरोबर माझं बरं चालेल.

शनिवार, ता. ४ सप्टेंबर

इंजिनिअरसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा जमलं. ‘स्त्री-प्रवाशांच्या विश्रांतीची व एकांताची सोय’ असे शब्द योजले. सिस्टर ऍग्नेस असत्या तर त्यांनी माझ्या अक्षरासाठी एखादं चित्र बक्षीस दिलं असतं.

हुसेनबी शेजारी बसून शेंगा फोडत होती. हुसेनबी म्हणजे आमच्या विहिरीवरच्या मीरासाब नालबंदाची बायको. तो लिंबाखाली बसून बैलांना नाल ठोकतो आणि ही माझी धुणीभांडी करते, रांजण भरते आणि मला शहाणपण शिकवते.

“काय लिवलंय म्हणायचं त्यात?” तिनं विचारलं.

मी मराठीत सांगितलं. ती दाणा तोंडात टाकून म्हणाली, “बाईसाब, यवढं लांबण कशाला? बायकास्नी मुतायला जागा फायजे म्हणून लिवा की.”

मी कानांवर हात ठेवले. असं पत्र दरबारात जात नसतं म्हटलं.

“मग काम बी हुत न्हाय,” ती म्हणाली.

सोमवार, ता. १३ सप्टेंबर

पोतनीस माझं पत्र हातात घेऊन आले. घोड्यावरच.

“साहेबांनी माझ्याकडं धाडलंय. तुम्ही एकांत लिहिलाय. प्रार्थनेसाठी का? खात्याला धर्माच्या कामात पडता येत नाही.”

“प्रार्थना नव्हे.”

“मग?”

“सोय.”

“कसली?”

“बायकांच्या सोयीची सोय.” मी तांबडीलाल झाले असणार. माझं हे लहानपणापासूनचं आहे. कानांपासून सुरू होतं आणि गळ्यापर्यंत उतरतं.

“हां हां!” त्यांचा चेहरा उजळला. “बाक! माळावर एक बाक घालू. दगडी. पाठ टेकायलासुद्धा ठेवू.”

त्या उघड्या माळावर, जिथं खुरटं झुडूपसुद्धा नाही, तिथं बाक! हा मुलगा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला म्हणतात. त्याच्या घरी आई, बहीण, कुणीच नाही का? हुसेनबी मागं उभी राहून पदरात तोंड घालून हसत होती. तिचाही मला राग आला.

गुरुवार, ता. १६ सप्टेंबर

नव्या रस्त्याची गंमत आज समजली. खात्याकडं खडी दाबायचा रूळ नाही. म्हणजे एक आहे, तो शहरात अडकला आहे. तेव्हा खडी पसरून ठेवायची आणि गाड्यांनीच जाऊन येऊन ती दाबायची, असा हिशोब. फाट्यावर एक शिपाई उभा केलाय. तो गाड्या नव्या रस्त्याला लावतो.

आणि बहुतेक बैलांच्या पायांत नाल नाहीत. शेतातले बैल ते. मातीत आणि मुरमात त्यांना लागत नाही. आज बाळासो गाडीवान हुपरीहून आला. त्याच्या पांढऱ्या बैलाच्या खुरातून रक्त येत होतं. मी हळद लावली. बैल माझ्याकडं बघत होता ते मला बघवेना.

“सरकारनं सुऱ्या अंथरल्यात, बाईसाब,” बाळासो म्हणाला. “म्या न्हाय जायचा परत.”

मी तशीच लिंबाखाली गेले. मीरासाबला म्हटलं, सगळ्या बैलांना नाल ठोकून टाक. खडीचा रस्ता मला नको आहे हे खरं, पण मुक्या जनावराचे हाल करून मला तो अडवायचा नाही. माझं भांडण इंजिनिअरसाहेबांशी आहे, ते मी कागदावर करीन.

“लोखंड न्हाय, बाईसाब.”

“गेल्या महिन्यात पोतं भरून आणलं होतंस!”

“ते सपलं.”

“कुणाला ठोकलेस?”

तो ऐरण पुसू लागला. हुसेनबी म्हणाली, “लोखंड न्हाय तर त्यांनी काय दातानं नाल करायचं व्हय?” नवराबायको एरवी दिवसभर भांडतात, आणि मी काही बोलले की एक होतात.

शनिवार, ता. १८ सप्टेंबर

हुसेनबीनं एक पोतं आणून बायकांच्या खोलीत, बाजेखाली सारलं आहे. मला विचारलंसुद्धा नाही. “कोंडा हाय, गायीचा. आमच्यात उंदरं लई झाल्यात.” कोंड्याचं पोतं आणायला बाळासो आणि ती दोघं लागली, आणि दोघांनाही धाप लागली. वयं झाली आता सगळ्यांची.

शनिवार, ता. २५ सप्टेंबर

शिपाई फाट्यावरून गाड्या माळाकडं लावतो. गाड्या टेकाडाआड जातात आणि तिथून शेतातून उतरून पुन्हा माझ्या विहिरीशी येतात. गाडीवान म्हणतात, आम्ही काय करणार, बायका ऐकत नाहीत. आज हुपरीच्या चांदीवाल्यांची तानाबाई उतरली. अंगानं चांगली भरलेली बाई. मी तिला समजावलं की सरकारी हुकूम मोडणं बरं नव्हे, त्यानं माझ्या अर्जालाच बाध येईल.

“त्या खडीवरनं गेलं की दात खिळखिळं हुत्यात,” ती म्हणाली. “म्या सांगून ठिवलंय आमच्या गाडीवानाला, खडीला लावलीस तर पैंजणांच्या पेटीसकट खाली उडी टाकीन. मग मालकांस्नी जबाब तू दे.”

हे असं सगळ्याच जणी म्हणतात. जवळजवळ याच शब्दांत. कोडोलीची म्हणते, हुपरीची म्हणते. खडीचे धक्के सगळ्यांना सारखेच लागत असणार.

मीरासाबला पुन्हा सांगून आले. आता म्हणतो, “रोजं हायत, बाईसाब. उपाशीपोटी घण उचलत न्हाय.” हे मात्र मला पटलं. उपासाचं मोल मला कॉन्व्हेंटात शिकवलं आहे. मी परत फिरले. पण रोजे नव्हते तेव्हा काय झालं होतं?

सोमवार, ता. ४ ऑक्टोबर

रागानं अक्षर वाकडं येतंय.

मिरजेच्या एका लोखंडवाल्याला मी स्वतः पत्र घालून नाल मागवले होते. मीरासाबकडं लोखंड नाही ना? घे म्हटलं. पेटी रेल्वेनं कोल्हापूरला आली. बाळासो शहरात जाणार होता, त्याला पावती दिली. संध्याकाळी रिकामा आला.

“पेटी न्हदीत पडली, बाईसाब.”

“कुठल्या नदीत?”

तो डोकं खाजवू लागला. स्टेशनापासून इथवर नदी लागत नाही! ओढासुद्धा लागत नाही!

“म्हंजे... म्या जरा शिरोलीकडं गेलतो. पुलावर.”

शिरोली सगळी उलट्या अंगाला. तिकडं कशाला गेला होता हे मी विचारलं नाही. शिरोलीला दारूचा गुत्ता आहे हे मलाही ठाऊक आहे. त्याची बायको चिमणाबाई किती सोशीक! मी त्याला जुगारदारूवरून चांगलं फैलावर घेतलं. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. “आता न्हाय प्याचा,” म्हणाला. बाळासो वाईट माणूस नाही. विहिरीशी उभ्या चिमणाबाईला मात्र माझ्या बोलण्याचा राग आलेला दिसला. म्हणाली, “आमचं मालक माळकरी हायत, बाईसाब, थेंबाला बी शिवत न्हाईत,” आणि मग हुसेनबीनं तिला कोपरानं ढोसलं आणि ती गप्प झाली. नवऱ्याची अब्रू बायका अशा झाकतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इंजिनिअरसाहेबांना दुसरं पत्र धाडलं. ‘एकांत’ काढून ‘शालीनता’ घातलं.

मंगळवार, ता. १२ ऑक्टोबर

पोतनीस आले. पाऊस आडवा-तिडवा आला म्हणून त्यांना घोडा सोडून आत यावं लागलं. माझ्या ओसरीला गळती, तेव्हा त्यांना बायकांच्या खोलीत बसवावं लागलं. सुदैवानं कुणी नव्हतं. बाजेवर बसले आणि पाय हलवले, तो बूट पोत्याला लागला. खण्ण असा आवाज आला.

“काय आहे हे?”

मी म्हणणार होते ‘कोंडा’. पण कोंडा वाजत नाही. हुसेनबी दारातच होती. “भांडी हायत, रावसाब,” ती म्हणाली. “लेकीच्या रुकवताची.”

तेव्हा मला उलगडा झाला. बिचारी! एक एक तांब्याचं भांडं जमवून नवऱ्यापासून इथं लपवते आहे. मीरासाब उधळ्या आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणून तर तिनं मलाही कोंडा म्हणून सांगितलं.

पोतनीस म्हणाले, “मार्थाबाई, या नालबंदाकडं खरंच नाल नाहीत का? तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून विचारतो.”

“नाहीत,” मी म्हटलं. “मी स्वतः मिरजेहून मागवले, तेही नदीत पडले.” हे सगळं खरंच होतं. माझ्या चेहऱ्याकडं ते नीट बघत होते. त्यांची खात्री पटली.

मग सांगू लागले की साहेब त्यांच्यावर रागावले आहेत. खडी बसत नाही, पावसात सरकते, गाड्या जात नाहीत. कोडोलीच्या जत्रेच्या दिवशी पोतनीस स्वतः बघून साहेबांना अहवाल देणार. त्या दिवशी गाड्या माळावरून गेल्या तर दिवाळीनंतर जुनी वाट बंद. मला त्या मुलाची कीव आली. नवं लग्न झालंय म्हणे. बायकोला जत्रा दाखवायला आणणार आहे.

ते गेल्यावर मी हुसेनबीला म्हटलं, “मला आधीच सांगितलं असतंस तर मी काय कुणाला बोलणार होते?”

तिचा चेहरा उतरला. “काय सांगायचं, बाईसाब?”

“भांड्यांचं.”

“हां, भांड्यांचं!” तिनं मोठा श्वास सोडला. “तुमास्नी सांगून काय उपेग? तुमी खोटं बोलाय लागला की कानापतूर लाल हुता. रस्त्यावरनं दिसतंय.”

बुधवार, ता. २० ऑक्टोबर

ईद झाली. शीरखुर्म्याचा वाडगा आला. मीरासाबला म्हटलं, आता रोजे नाहीत. तर खांदा धरलाय म्हणतो. मी तेल दिलं. डावा खांदा धरलाय आणि उजव्याला तेल चोळत होता.

साहेबांना तिसरं पत्र. यात मी सगळं धैर्य एकवटून ‘निसर्गाची हाक’ असे शब्द लिहिले. टपालात टाकलंसुद्धा.

गुरुवार, ता. २८ ऑक्टोबर

उत्तर नाही. मांजर पोत्यावर चढून बसतं आणि खण्णखण्ण करतं. आलेल्या बायका पोत्याकडं बघतात आणि एकमेकींकडं बघून हसतात. आता हुसेनबीचं गुपित सगळ्या पंचक्रोशीला कळलेलं दिसतंय, मीरासाब सोडून.

सोमवार, ता. १ नोव्हेंबर, जत्रेचा दिवस

पाय मोडून आले आहेत पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

पहाटेपासून धनगरांचे तांडे, ढोल, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. सगळी माझ्या दारावरून. गाड्यांमागं गाड्या. विहिरीशी पाय ठेवायला जागा नाही. खोलीपुढं बायकांची रांग लागलेली, आणि नेमकी आज हुसेनबी बेपत्ता! रांजण मी एकटीनं भरला. मागाहून कळलं की ती आणि चिमणाबाई मुडशिंगीच्या वेशीत जत्रेकरूंना ताक वाटत होत्या. चिमणाबाई वाढत होती आणि हुसेनबी लांब उभी राहून नुसता आग्रह करत होती. एवढं ताक आलं कुठून, आणि पुण्य जोडायला हिला वर्षातला हाच दिवस सापडला?

माळावरच्या सरळ रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नऊच्या सुमाराला एकच टांगा दिसला. पोतनीसांचा. घोड्याला नाल असतातच. रस्ता चांगला आहे हे लोकांना दाखवायला ते बायकोला घेऊन त्यावरून निघाले असावेत. टांगा खडीवरून असा उडत होता की इथून मलाच धक्के बसत होते.

माळाच्या मधोमध टांगा थांबला. मग सुरू झाला, पुन्हा थांबला. मग एकदम रस्ता सोडून शेतातून, ढेकळांवरून, सरळ माझ्या फाटकाकडं धावत सुटला. घोडा उधळला असं मला वाटलं. फाटकाशी येतो न येतो तो आतून एक विशीतली मुलगी उतरली. नऊवारी भरजरी, नाकात नथ, आणि डोळ्यांत पाणी. तिनं माझ्याकडं पाहिलं. पस्तीस वर्षांपूर्वी गाडीत बसलेली मीच ती.

मी काही विचारलं नाही. तिचा हात धरला आणि रांग मोडून आत नेलं. रांगेतल्या एकीनंही कुरकुर केली नाही.

बाहेर पोतनीस उभे होते. भिंतीकडं पाठ करून, मान खाली घालून, टोपी हातात. औटकी काही म्हटली नाही त्यांनी. त्या मुलाला म्हणता येत असेल की नाही कोण जाणे. पण पाठ अगदी यांच्यासारखीच केली होती.

ती बाहेर आली तेव्हा रांजणातलं पाणी तोंडावर मारून हसत होती. “काकू,” म्हणाली, “वेशीतल्या त्या बाईनं पुरे म्हणूच दिलं नाही हो. तांब्यावर तांब्या! आणि वर ती खडी.” मग नवऱ्याकडं असं बघितलं की मला त्याची पुन्हा कीव आली.

परत जाताना टांगा जुन्या वाटेनं गेला.

मंगळवार, ता. २ नोव्हेंबर

हुसेनबीला चांगली झापली. जत्रेच्या दिवशी काम टाकून गेल्याबद्दल, आणि त्या परक्या पोरीला नको नको म्हणत असता ताक पाजल्याबद्दल. एवढीशी पोर, किती त्रास झाला तिला!

“चुकलं, बाईसाब,” ती म्हणाली. इतक्या लवकर ती कधीच चूक कबूल करत नाही. मलाच वाईट वाटलं. तिला गूळ दिला.

बुधवार, ता. १० नोव्हेंबर

पोतनीस आले आणि घोड्यावरून उतरले. पहिल्यांदाच, पाऊस नसताना.

साहेबांची मंजुरी आली आहे. माळावरची खडी उचलून जुन्या वाटेवर टाकायची. ही वाट गाड्यांनी दगडासारखी दाबून ठेवली आहे, तिला रूळही फारसा लागणार नाही, असं पोतनीसांनी अहवालात लिहिलं. वळसा राहणार. विहीर रस्त्यावर राहणार.

“आणि तुमची ती... ती...” त्यांचे कान तांबडे झाले. मला वाटायचं हे फक्त माझंच होतं. “ती सोय आहे तिथंच राहील. कोडोलीच्या पुढंही एक बांधायची म्हणतोय. घरून हे दिलंय.” पितळेचा नवा तांब्या होता, रांजणावर ठेवायला.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. मी विचारलं, “माझं तिसरं पत्र साहेबांना पोचलं ना?”

“तिसरं?” त्यांनी खोलीकडं पाहिलं. मग म्हणाले, “हो, पोचलं असणार. पोचलंच.”

पोचलंच! धीर करून खरे शब्द लिहिले की दरबारातसुद्धा कळतं. हे असते तर आज त्यांना वाचून दाखवलं असतं. त्यांनी हसून म्हटलं असतं, “एवढ्यासाठी इंग्रजी कशाला हवं होतं?” पण पत्र जपून ठेवलं असतं.

बुधवार, ता. १७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. खडी आमच्या दारापर्यंत आली. आणि लिंबाखाली बैलांची रांग लागली आहे! मीरासाब एकेक बैल आडवा पाडतो, पाय बांधतो आणि ठकाठक नाल ठोकतो. खांदा बरा झालाय. डावाही आणि उजवाही.

“सप्टेंबरपासून मी कानीकपाळी ओरडतेय,” मी म्हटलं, “तेव्हा नाही ते!”

“तवा लोखंड न्हवतं, बाईसाब.”

“आणि आता कुठून आलं?”

त्यानं पेटीकडं बोट केलं. पेटीवर माझ्याच अक्षरातला पत्ता! मिरजेची, नदीत पडलेली पेटी. म्हणजे कुणीतरी ती काढली आणि पत्ता वाचून पोचती केली. चांगली वाळवलीही होती. जगात अजून प्रामाणिक माणसं आहेत. मी बाळासोला म्हटलं, तुझी शुद्ध हरपली होती, पण देवानं पेटी सांभाळली. तो दोन्ही कान धरून म्हणाला, “देवानंच, बाईसाब.”

बाजेखालचं पोतंही गेलं. मी हुसेनबीला हळूच विचारलं, भांडी हलवलीस का? म्हणाली, “व्हय, आता जिथल्या तितं गेली.” लेकीचं ठरलेलं दिसतंय. तिला यांच्या वेळचा माझा तांब्याचा हंडा देणार आहे. तेवढंच एक भांडं कमी लपवायला लागेल.

दुपारी ती, चिमणाबाई आणि तानाबाई विहिरीशी बसल्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “बघितलंत ना? तुम्ही सगळ्यांनी हट्ट केलात, हुकूम मोडलेत, बाळासोनं पेटी बुडवली, मीरासाबनं कामचुकारपणा केला. कुणाचा काडीचा उपयोग झाला का? शेवटी काम झालं ते एका नीट लिहिलेल्या पत्रानं.”

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. तानाबाईनं पदर तोंडात कोंबला. हुसेनबी म्हणाली, “व्हय की, बाईसाब. तुमच्याच अक्षरानं.” आणि मग तिला कसलं हसू आलं कोण जाणे. तिघीही खदाखदा हसायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर पडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी रागावले तशा आणखीच. शेवटी हुसेनबी पोट धरून उठली, “अल्ला, आता ऱ्हात न्हाय,” म्हणाली, आणि भिंतीआड पळाली. मागोमाग चिमणाबाई, मागोमाग तानाबाई.

खोली जवळ होती म्हणून बरं.